तीन तासांचं अंतर

रत्नागिरी शहराला लागून मिरजोळ्याचा सडा आहे. जांभ्याचा कातळ, पावसाळ्यात त्यावर उगवणारं गुडघाभर गवत, उन्हाळ्यात तापून काळा पडलेला दगड. या सड्यावर एक धावपट्टी आहे. आज तिथे तटरक्षक दलाचा तळ आहे. दुसरी धावपट्टी म्यानमारमध्ये, तडा-ऊ गावाजवळ. मंडाले शहराचा हा विमानतळ २००० साली सुरू झाला, त्याची धावपट्टी सव्वाचार किलोमीटरहून लांब आहे.

या दोन धावपट्ट्यांमधलं अंतर पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलं तर सुमारे २,४०० किलोमीटर भरतं. ती रेघ सह्याद्री ओलांडते, दख्खनवरून तेलंगणाच्या उत्तर भागातून ओडिशाच्या किनाऱ्यावर उतरते, बंगालचा उपसागर पार करते आणि आराकानच्या डोंगरांवरून इरावतीच्या खोऱ्यात पोचते. ताशी ८०० किलोमीटर जाणाऱ्या विमानाला तीन तास पुरेत. सकाळची न्याहारी करून निघालेला माणूस दुपारी तिथे जेवायला बसेल. दोन्ही गावांच्या रेखांशांत साडेबावीस अंशांहून थोडा जास्त फरक आहे. म्हणजे मंडालेत सूर्य उगवल्यावर रत्नागिरीत तो उगवायला साधारण दीड तास लागतो.

असं थेट विमान नाही, आणि या दोन गावांना जोडणाऱ्या विमानाची कुणाला एरवी गरजही वाटली नसती. पण या दोन गावांमधलं अंतर रत्नागिरीकराच्या मनात फार जुनं आहे. कुणी पाहुणा आला की आपण त्याला आधी थिबा पॅलेस दाखवतो आणि मग टिळकांचं जन्मघर. पॅलेसमध्ये मंडालेहून आणलेला राजा राहिला. जन्मघरात जन्मलेला मुलगा पुढे मंडालेला नेला गेला. दोघांनाही एकाच सरकारने नेलं, दोघांचंही येणंजाणं त्याच सरकारच्या हातात होतं. त्यांच्या प्रवासाचे दिवस मोजले तर किलोमीटर हे माप किती अपुरं आहे ते कळतं.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाऊंग घराण्यातला शेवटचा राजा. १८७८ साली वडील मिंडोन वारले आणि एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला. मंडाले हे शहर मिंडोननेच वसवलेलं, १८५७ साली. चौकोनी तटबंदी, प्रत्येक बाजू जवळजवळ दोन किलोमीटर लांब, भोवती रुंद खंदक आणि मधोमध सागवानी राजवाडा. दक्षिण ब्रह्मदेश तोवर इंग्रजांनी दोन युद्धांत घेतलेला होता. उरलेला वरचा भाग घ्यायला निमित्त झालं ते सागवानाचं. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर राजाच्या मंत्रिमंडळाने ओंडके कमी दाखवून रॉयल्टी बुडवल्याचा ठपका ठेवला आणि जबर दंड ठोठावला. फ्रेंचांशी राजाचे संबंध वाढत होते, त्याची धास्ती इंग्रजांना होतीच. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टच्या हाताखालची फौज इरावतीतून आगबोटींनी वर निघाली आणि दोन आठवड्यांत मंडालेच्या घाटाला लागली. लढाई अशी फारशी झालीच नाही. कर्नल स्लेडनने राजवाड्यात जाऊन राजाला शरण यायला लावलं.

२९ नोव्हेंबर १८८५. थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. राणी सुपायालत, तिची धाकटी बहीण आणि सवत सुपायागले आणि दोन लहान मुली बरोबर होत्या. सुपायालत त्या वेळी गरोदर होती. तयारीला वेळ मागितला, तो मिळाला नाही. संध्याकाळी साध्या बैलगाड्यांतून ही मंडळी राजवाड्याच्या दरवाजातून बाहेर पडली, दोन्ही बाजूंना गोऱ्या आणि देशी शिपायांच्या रांगा. रस्त्यावर लोक गुडघे टेकून बसले होते, बायका रडत होत्या. ज्या राजाने गादीवर आल्यापासून तटबंदीबाहेर क्वचितच पाऊल टाकलं, तो नदीवर उभ्या असलेल्या आगबोटीत चढला. बोटीचं नाव थूरिया. ब्रह्मी भाषेतला हा शब्द आपल्या सूर्यावरूनच गेलेला आहे.

इरावतीतून थूरिया खाली रंगूनला आली. तिथून बंगालच्या उपसागरातून हजारेक सागरी मैल मद्रास. डिसेंबरात राजा मद्रासेत उतरला आणि सरकारने पुढचं ठिकाण ठरेपर्यंत त्याला तिथेच ठेवलं. तिसरी मुलगी मद्रासेत जन्मली. ती बाळंतीण राणी, पाळण्यातलं मूल आणि बाकी सगळे एप्रिल १८८६ मध्ये पुन्हा जहाजावर चढले. सिंहलद्वीपाला वळसा, मग मलबारचा किनारा, कारवार, गोवा. एप्रिलच्या मध्यावर जहाज रत्नागिरीसमोर आलं. मंडालेच्या घाटापासून साडेचार महिने.

हे साडेचार महिने समुद्राने घेतलेले नाहीत. प्रत्यक्ष पाण्यावरचे दिवस धरले तर ते दोन-तीन आठवड्यांच्या वर जात नाहीत. बाकीचा सगळा काळ सरकारच्या विचारात गेला. राजाला कुठे ठेवावं? जिथून ब्रह्मदेशाशी संपर्क होणार नाही, जिथे त्याचा एकही माणूस पोचणार नाही, पण जिथे कलेक्टर, पोलीस आणि दिवाणी-फौजदारी कचेऱ्या आहेत असं गाव हवं होतं. रत्नागिरी तसंच होतं. जिल्ह्याचं ठिकाण, पण ना रेल्वे, ना घाटावरून येणारी सोपी वाट. कोल्हापूरलासुद्धा रेल्वे आली ती १८९१ साली, आणि कोल्हापूर ते रत्नागिरी हा आंबा घाटातला रस्ता बैलगाडीने दिवसांत मोजायचा. मुंबईशी खरा संबंध होता तो बोटीचा, आणि मे महिना सरत आला की दर्या उसळायचा, बंदरं बंद व्हायची. मग नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर होड्या पाण्यात. तीन-साडेतीन महिने रत्नागिरी हे बेटच होतं. सरकारला हवी होती ती भिंत मोसमी वाऱ्याने दरवर्षी फुकट उभारून दिली.

याच काळात मुंबईत एक गोष्ट घडली, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. राजा मद्रासेत होता तेव्हाच, २८ डिसेंबर १८८५ रोजी, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. जेमतेम बहात्तर प्रतिनिधी. त्या पहिल्याच बैठकीत वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याला नापसंती दाखवणारा ठराव मंजूर झाला. फिरोजशहा मेहतांनी तो मांडला. त्यांच्या मनात हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणाऱ्या खर्चाचा विचार होता हे खरं, पण एका देशाचं राज्य बुडालं म्हणून मुंबईच्या सभेत कुणीतरी उभं राहिलं याचं मोल मला मोठं वाटतं. ठरावाने काहीच झालं नाही. अधिवेशन सुरू झाल्यावर चार दिवसांनी, १ जानेवारी १८८६ ला, वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली. तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

रत्नागिरीत राजाचा परिवार सुरुवातीला टेकडीवरच्या बंगल्यांत राहिला. चौथी मुलगी १८८७ साली इथेच जन्मली. सरकार तनखा देत होतं, तो पुरत नव्हता, आणि राणीचे दागिने हळूहळू विकले जात होते. ब्रह्मदेशातल्या माणसांना भेटायची मोकळीक नव्हती, पत्रं सरकारी नजरेखालून जात. राजा अर्ज लिहायचा. मुंबईला, कलकत्त्याला, लंडनला. राजघराण्याचं एक मोठं माणिक मंडाले सोडताना स्लेडनने नेलं आणि परत दिलं नाही, अशी त्याची तक्रार होती. उत्तरं यायला महिने लागत, आणि ज्या उत्तरात काही मिळालं अशी उत्तरं फार थोडी.

चोवीस वर्षं गेली. १९१० साली नवा राजवाडा पुरा झाला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात परिवार तिथे राहायला गेला. हीच ती वास्तू, जिला आपण थिबा पॅलेस म्हणतो. तांबड्या जांभ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, तीन मजले. जवळ जाऊन खिडक्या बघाव्यात. वरची कमान अर्धवर्तुळाकार, लाकडात कोरलेली, आणि त्या कोरीवकामात बसवलेल्या रंगीत काचा. दुपार कलली की पश्चिमेच्या उन्हाने त्या काचांचे लाल-निळे तुकडे आतल्या फरशीवर पडतात आणि हळूहळू सरकत जातात. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्याचं दालन आहे. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. लाकूड ब्रह्मदेशी सागवान. ज्या सागवानावरून राज्य गेलं, त्याच सागवानाच्या चौकटीतून राजाने आयुष्याची शेवटची सहा वर्षं बाहेर पाहिलं. बाहेर काजळीची खाडी, भाट्याचा वाळूचा पट्टा आणि पुढे नुसता समुद्र. मंडाले त्या दिशेला नव्हतंच. ते पाठीमागे होतं, सह्याद्रीच्या पलीकडे, सूर्य उगवतो तिकडे.

आता उलटा प्रवास.

बाळ गंगाधर टिळक रत्नागिरीत जन्मले २३ जुलै १८५६ रोजी, म्हणजे मंडालेचा पाया घातला जाण्याच्या वर्षभर आधी. गावात शाळामास्तर असलेल्या गंगाधरपंतांची बदली १८६६ साली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा मुलगा घाट चढून गेला. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पुरी होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी सहा दिवस काम बंद ठेवलं. त्यांना आधी साबरमतीच्या तुरुंगात नेलं, मग शिक्षेचं स्वरूप साध्या कैदेचं झालं आणि ठिकाण ठरलं मंडाले.

सप्टेंबरमध्ये मुंबईच्या बंदरातून जहाज निघालं. रंगूनपर्यंत समुद्र, आणि पुढे रेल्वे. थिबाला नदीने खाली आणलं तेव्हा ती रेल्वे मंडालेपर्यंत पोचली नव्हती. राजा गेल्यावर चार वर्षांत, १८८९ साली, इंग्रजांनी ती पोचवली. त्यामुळे ज्या वाटेला राजाला कितीतरी दिवस लागले होते, ती सव्वासहाशे किलोमीटरची वाट टिळकांनी एका रात्रीत पार केली. आगबोटीने आणि आगगाडीने अंतर घटलं होतं, आणि त्या सगळ्या सोयींनी माणसाला त्याच्या माणसांपासून जास्त लवकर दूर नेता येत होतं. मला या गोष्टीचं दरवेळी वाईट वाटतं. आपण प्रवासाच्या वेगाचं कौतुक करतो, पण त्या वेगावर कुणाचा हुकूम चालतो हे विचारत नाही.

टिळकांना ठेवलं तो तुरुंग राजाच्या जुन्या राजधानीच्या तटबंदीतच होता. इंग्रजांनी त्या तटबंदीला फोर्ट डफरिन असं व्हाइसरॉयचं नाव देऊन तिथे छावणी केली होती. तुरुंगाच्या भिंती दगडविटांच्या नव्हत्या, लाकडी दांड्यांच्या होत्या. त्यामुळे उन्हाळ्यात फुफाटा आणि हिवाळ्यात बोचरी थंडी सरळ आत यायची. मधुमेहाचा आजार सोबत होता. येरवड्याहून आणलेला कुलकर्णी आडनावाचा कैदी स्वयंपाकाला दिलेला, त्याच्याशी मराठीत बोलता यायचं. महिन्याला एक पत्र. पुस्तकं हळूहळू येत गेली आणि शेवटी चारशेच्या घरात गेली. लिहायला शाई नाही, फक्त पेन्सिल. कागदही सुटे नाहीत, बांधलेल्या वह्या, पानांवर आकडे घातलेले, म्हणजे एकही पान गुपचूप बाहेर जाऊ नये.

त्या वह्यांमध्ये १९१० च्या नोव्हेंबरात गीतारहस्य लिहायला सुरुवात झाली आणि १९११ च्या मार्चअखेरीस ते पुरं झालं. पाच महिने. तारखा जुळवून बघा. ज्या नोव्हेंबरात मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या राजवाड्यात पाऊल टाकत होता, त्याच नोव्हेंबरात रत्नागिरीचा मुलगा त्या राजाच्या तटबंदीत पहिली वही उघडत होता. ही जुळवाजुळव कुणी केलेली नाही. पण त्या हिवाळ्याची मी नेहमी कल्पना करतो. इथे नव्या रंगाचा आणि ताज्या सागवानाचा वास आणि रिकामा दिवस. तिथे लाकडी दांड्यांतून येणारा गार वारा आणि भरत जाणारं पान. एकाने दुसऱ्याचं आकाश घेतलेलं.

१९१२ साली दोघांच्याही घरात मृत्यू आला. जून महिन्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळकांना बातमी तारेने कळली. तारेला २,४०० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. अंतराची सगळी भाषा तिने उलटी केली. बातमी काही तासांत येते आणि माणूस दोन वर्षं जाऊ शकत नाही. त्याच वर्षी रत्नागिरीत धाकटी राणी सुपायागले गेली. मंडालेच्या कुणाही नातेवाइकाला तिच्या अंत्यविधीला येणं शक्य नव्हतं.

जून १९१४ मध्ये टिळकांची सुटका झाली. ती आधी सांगितली नाही, सामान बांधायला सांगितलं इतकंच. रंगूनहून जहाज, मद्रासला उतरून आगगाडी, आणि १६ जूनच्या मध्यरात्री त्यांना पुण्यात त्यांच्या वाड्याच्या दारात आणून सोडलं. आठवडाभराचा प्रवास. लिहिलेल्या वह्या मात्र सरकारने तपासायला ठेवून घेतल्या, त्या मागाहून मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून बाहेर पडला. वह्या परत येतील की नाही अशी शंका लोकांना होती. सगळं पुन्हा लिहून काढता येईल असा टिळकांचा आपल्या स्मरणशक्तीवर भरवसा होता.

थिबाला असा आठवडा कधी मिळाला नाही. त्याला सहा वर्षांची शिक्षा नव्हती. त्याला शिक्षाच नव्हती, म्हणून तिला शेवटही नव्हता. १९१६ च्या डिसेंबरात तो त्या रंगीत काचांच्या घरात वारला. रत्नागिरीत तीस वर्षं आणि आठ महिने. आणि इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. सुपायालतने शव इथे पुरू द्यायला नकार दिला. राजाला ब्रह्मदेशातच नेलं पाहिजे, हा तिचा आग्रह. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटी आवारात राहिली. पत्रांवर पत्रं गेली. रंगूनपर्यंत बोट होती, रंगूनपासून मंडालेपर्यंत आगगाडी होती, वाट पूर्ण तयार होती. मेलेला राजा परत गेला तर लोक त्याच्याभोवती जमतील या भीतीने सरकार हललं नाही. १९१९ साली थिबा आणि सुपायागले यांना रत्नागिरीतच समाधीत ठेवण्यात आलं. राणी त्याला राजी नव्हती. त्याच वर्षी तिला आणि मुलींना ब्रह्मदेशात जायची परवानगी मिळाली, पण मंडालेला नव्हे, रंगूनला. १९२५ साली ती तिथेच वारली आणि श्वेडगॉन पॅगोड्याच्या परिसरात तिची समाधी झाली. त्याच परिसरात एक जुनी कबर होती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याची, ज्याला इंग्रजांनी १८५८ साली रंगूनला नेलं आणि जो १८६२ साली तिथे वारला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात, आणि राणी बादशहाच्या शेजारी.

रत्नागिरीचा असा वापर पुढेही चालू राहिला. अंदमानातून आणलेल्या सावरकरांना आधी इथल्या तुरुंगात आणि मग १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. दूर हा या गावाचा सरकारी गुण होता.

मग हे गाव जवळ कधी आलं? सावकाश आलं. माझ्या आधीच्या पिढीची मुंबई बोटीने मोजली जायची. जहाज किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभं राहायचं, माणसं आणि ट्रंका पडावातून तिथवर न्यायची, आणि हेलकावणाऱ्या पडावातून जहाजाच्या शिडीवर पाय टाकायचा क्षण म्हाताऱ्याकोताऱ्यांना जन्मभर आठवायचा. जयगड, दाभोळ, हर्णे करत रात्रभर प्रवास. बोट लागली की माणूस डेकवर आडवाच. दर्या कधी कधी बळीही घ्यायचा. 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या, आणि १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' रेवसजवळ उलटली तेव्हा सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रेल्वेची मागणी बॅरिस्टर नाथ पैंनी आणि मधू दंडवत्यांनी वर्षानुवर्षं लोकसभेत लावून धरली. रोह्याला कोकण रेल्वेचा पाया घातला गेला १९९० साली, आणि सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, दक्षिणेला पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल. ज्या डोंगरांनी राजाला कोंडलं त्यांच्या पोटातून गाडी जाते आणि दादरचा माणूस पाच-सहा तासांत रत्नागिरीत उतरतो. मिरजोळ्याच्या सड्यावरून प्रवासी विमान उडेल याची वाट मात्र या गावाने वर्षानुवर्षं पाहिली.

२०१२ साली दोन देशांच्या प्रमुखांनी जुन्या खुणा शोधल्या. मे महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यंगूनला बहादूरशहाच्या कबरीवर गेले. डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीवर फुलं वाहिली. १८८५ नंतर ब्रह्मदेशाच्या सत्तेवरचा माणूस पहिल्यांदा त्या राजासमोर उभा होता. चार वर्षांनी मृत्यूची शंभरी झाली तेव्हा राजाचे वंशज इथे आले. समाधी पाहायला मुद्दाम जावं. जांभ्याचं बांधकाम, भोवती घरं वाढलेली, बाजूला धाकट्या राणीची समाधी. तिथे गेल्यावर माझं लक्ष हटकून पूर्वेकडे जातं. २०२५ च्या २८ मार्चला मंडालेत मोठा भूकंप झाला, जुन्या तटबंदीचेही भाग ढासळले, आणि आपल्या सैन्याने तिथे जाऊन रुग्णालय उभारलं, ती बातमी वाचताना मला आधी हीच समाधी आठवली. मंडालेचं काही पडलं की ते आपल्या ओळखीचं पडतं.

राजाचं रत्नागिरीत आणखी काही राहिलं. थोरल्या राजकन्येला १९०६ साली मुलगी झाली. वडील राजाच्या बंगल्यावरचे पहारेकरी, गोपाळ सावंत. मुलीचं नाव टूटू. कुटुंबाबरोबर रंगूनला गेलेली थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीला परत आली. चार राजकन्यांपैकी परत येणारी ती एकटीच. ब्रह्मदेशाची ही राजकन्या १९४७ साली इथेच वारली. टूटूचं लग्न इथल्याच माणसाशी झालं. मुलंबाळं झाली. तिचं बोलणं मराठी, घर साधं, कागदाची फुलं करून विकण्यापासून शेण्या थापण्यापर्यंत सगळी कामं तिने केली. तिला पाहिलेले लोक सांगतात की चेहरा तेवढा ब्रह्मी होता.

ती वारली २००० साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. त्याच वर्षी तडा-ऊची धावपट्टी वापरात आली.